आत्याच्या गाडीचा तळ

आमच्या आत्याचं लग्न पन्नाशीला ठरलं आणि गाडीच्या तळाला पडलेल्या भोकापाशी येऊन अडलं. हे वाक्य मी इतक्या लग्नांत, बारशांत आणि एकदा तर रक्त तपासायच्या रांगेतसुद्धा ऐकवलं आहे, की आता लातूरला माझ्या घरी मी ‘आमच्या आत्याचं’ एवढं म्हटलं तरी मुलं उठून पाणी प्यायला जातात. जाऊ देत. पाणी प्यायलेलं चांगलंच. तुम्ही मात्र बसा, कारण आज मध्ये अडवायला कुणी नाही आणि मी सगळं सांगणार आहे.

नांदेडला आमचं घर म्हणजे एकापाठोपाठ एक तीन खोल्या, पुढं मातीचं अंगण आणि अंगणात कडुलिंब. घरात माणसं चारच. आई, बाबा, मी आणि आत्या. आत्या बाबांची थोरली बहीण. बाबा तिला अक्का म्हणायचे आणि ती बाबांना नाम्या. शाळेत ज्यांना बघून पोरं चळचळा कापायची ते विज्ञानाचे गुरुजी घरात नाम्या व्हायचे, आणि त्याचा आनंद मला रोज नव्यानं व्हायचा. त्यांचे आईवडील लवकर गेले तेव्हा आत्या नुकती शिक्षिका झाली होती आणि बाबा अर्ध्या चड्डीत होते. तिनं त्यांना शिकवलं, नोकरीला लावलं, मुलगी बघून लग्न लावून दिलं. या सगळ्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं, पंगतीला वाढणाऱ्या बाईचं जेवण राहून जातं तसं. कुणी विषय काढलाच तर ती म्हणायची, “माझं काय अडलंय?” आणि खरंच काही अडलेलं दिसत नसे. सकाळी अंगण झाडून झालं की ती बाबांच्या खोलीच्या दारावर खराट्याचा दांडा आपटायची. “नाम्या, ऊठ. सूर्य शाळेत पोचला.” मी कॉलेजात जायला लागले तरी बाबांना उठवायचं काम तिच्याकडंच होतं. आई दांड्याच्या आवाजानं दचकून उठायची आणि बाबा त्यानंतर दोन हाकांनी.

आता गाडी. ती आत्याची. लातूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून तिनं ती घेतली तेव्हाच गाडी जुनी होती. मोठी, गोल खांद्यांची, सायीच्या रंगाची, पुढं चांदीचे दात दाखवून हसणारी. आत्या तेव्हा मुदखेडच्या शाळेत होती आणि रोज गाडीनं जायची. बाई गाडी चालवून राहिली हे बघायला मुदखेडच्या रेल्वे फाटकापाशी सायकलवाले पाय टेकून उभे राहायचे. आत्या शांतपणे काच खाली करून विचारायची, “काय रे, कोणत्या वर्षी होतास माझ्या वर्गात?” निम्मे तिचेच विद्यार्थी निघायचे आणि सायकल फिरवून पसार व्हायचे. पुढं तिची बदली नांदेडला झाली, शाळा चालत जायच्या अंतरावर आली, आणि एका उन्हाळ्यात गाडीचं इंजिन जे बसलं ते बसलंच. गाडी कडुलिंबाखाली उभी राहिली.

आमच्या घरात एक नियम होता. जी वस्तू जागेवरून हलत नाही तिच्यावर आईचा हक्क. बघता बघता गाडी घराची चौथी खोली झाली. मागच्या सीटच्या पायाशी सावली आणि गारवा, म्हणून तिथं लोणच्याच्या बरण्या गेल्या. पुढच्या सीटवर उन्हाळ्यात कुरडया, पावसाळ्यात गोवऱ्या. डिक्कीत काय असायचं ते आईलाच ठाऊक, कारण किल्ली तिच्या कमरेला होती. जेवायला बसल्यावर बाबा म्हणायचे, “जरा गाडीतनं लिंबाचं लोणचं आण गं,” आणि आमच्याकडं पहिल्यांदा जेवायला आलेला पाहुणा घास हातात धरून आमच्या तोंडाकडं बघत राहायचा.

अशा त्या घरात एका संध्याकाळी आम्ही जेवत होतो. धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी. आत्यानं धपाट्याचा तुकडा मोडला, दह्यात बुडवला आणि उद्या शाळेला सुट्टी आहे हे सांगावं तशा सुरात म्हणाली, “मी लग्न करून राहिले.” आईच्या हातातली पळी तव्यावर पडली. मी विचारलं, “कुणाचं?” माझं डोकं तेव्हाही असंच चालायचं. आत्या म्हणाली, “माझं.” मग तिनं सांगितलं. जळकोटचे माणिकराव, भूगोलाचे शिक्षक, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, गावात घर, माळावर थोडी शेती. दर उन्हाळ्यात दहावीचे पेपर तपासायला लातूरला दोघं जायचे आणि पंख्याखालच्या एकाच टेबलावर बसायचे. पंखा एकच होता, त्यामुळं टेबल सोडायला कुणी तयार नव्हतं. त्यातून पुढं सगळं झालं. उन्हाळ्यानं मराठवाड्यात एवढं एक चांगलं काम केलेलं मला माहीत आहे.

बाबांनी ताटातला धपाटा संपवला. मग विचारलं, “जाशील कशी?” बघा, दुसरा कुणी विचारता ‘का’ नाही तर ‘कधी’. आत्या म्हणाली, “माझ्या गाडीनं. मला कुणी जीप घेऊन न्यायला यायचं न्हाई. लग्न या अंगणात होईल आणि मी गाडी चालवत जळकोटला जाईन. सर बाजूला बसतील, त्यांना चालवता येत नाही.” बाबांनी मान डोलावली. “मग गाडी नीट झाली की तारीख काढू. गाडीचं माझ्याकडं लागलं.” आत्याचे डोळे भरून आले. भाऊ एका शब्दानं अडवत नाही, उलट स्वतः बाह्या सरसावतो आहे! मलाही तेव्हा ते लई भारी वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी गफूरभाई आले. गाड्यांच्या पत्र्याचं काम करणारे, आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी. त्यांची सगळी पोरं आत्याच्या हाताखालून गेलेली. आल्या आल्या त्यांनी छातीवर हात ठेवून जाहीर केलं, “बाईंची गाडी म्हणजे आपली इज्जत. आठ दिन में पळवतो.” इंजिन खरोखरच लवकर बोलतं झालं. मग त्यांनी सीटा काढल्या, बरण्या बाहेर ठेवल्या, पायाखालचं मॅट उचललं आणि स्क्रू ड्रायव्हर हलकेच तळाला लावला. तो मुठीपर्यंत आत गेला. पापडात जावा तसा. मागच्या बाजूला तर तळ नव्हताच. तिथं बरणीच्या बुडाएवढी गोल गोल भोकं होती, आणि त्यातून आमचं अंगण दिसत होतं, एक मुंगळा फिरत होता.

सगळ्यांनी आईकडं बघितलं. आई पदर सारखा करत म्हणाली, “उंदरांनी खाल्लं असंल.”

“भाभी,” गफूरभाई म्हणाले, “लोखंड खाणारा उंदीर तुमच्याकडं असला तर मला एक द्या. कापायचं मशीन मी विकून टाकतो.”

लोणच्याचं मीठ, पावसाचं दारांतून झिरपणारं पाणी आणि इतक्या वर्षांचा मुक्काम यांनी मिळून तळ खाल्ला होता. वरून ठिगळ लावून भागणार नव्हतं. कुजलेला पत्रा कापून काढायचा आणि नवा जोडायचा. गफूरभाईंनी बाबांना नियम सांगितला. गंज दिसतो त्याच्यापुढं कापत जायचं, चांगला पत्रा लागेपर्यंत. कुजक्या पत्र्याला नवा जोडला तर वेल्डिंगच धरत नाही. बाबांना हा नियम फार आवडला. इतका, की पुढचे कित्येक दिवस ते शाळेतून आले की चहा न घेता अंगणात जाऊन बसायचे आणि छिन्नी-हातोडीनं ठकठक सुरू करायचे. संध्याकाळी शेजारणी गव्हाचं पीठ चाळायच्या, पलीकडं कुकरची शिट्टी व्हायची, आणि त्यावर आमच्या अंगणातून ताल धरल्यासारखी छिन्नी. मागच्या सीटच्या पायाशी असलेलं भोक आधी परातीएवढं झालं, मग चौरंगाएवढं, मग पुढच्या सीटच्या खाली पोचलं. गफूरभाई म्हणायचे, “गुरुजी, बस की आता.” बाबा गुडघ्यावर बसून, चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, “इथं मला जरा शंका वाटते.” आणि शंका कापून काढायचे. शेवटी दारांच्या खालचे जाडजूड उंबरे, ज्यांच्यावर गाडीची सगळी कंबर उभी असते, त्यांच्यावरही त्यांना शंका आली.

जळकोटला इकडं चुळबूळ सुरू झाली होती. माणिकरावांचे थोरले भाऊ तारीख मागत होते. आत्या ‘गाडी झाली की’ असं कळवायची. गाडी काही होईना. तुळशीचं लग्न पुढच्या आठवड्यात आलं तेव्हा निरोप आला, की सर स्वतः रविवारी येणार, आणि त्या दिवशी काय ते ठरवून टाकावं. थोरल्यांचं म्हणणं पडलं होतं, की बाईंचं मन नसेल तर तसं सांगावं, भंगाराचं निमित्त कशाला. आत्यानं तो निरोप ऐकला आणि चष्मा पुसला. ती चष्मा पुसायला लागली की घरात सगळे उठून कामाला लागत.

रविवारी सकाळी बाबा आणि गफूरभाई गाडीपाशी होते. पुढं आणि मध्ये लाकडी ठोकळ्यांवर उचललेली गाडी, मागची चाकं काढलेली, आणि आत तळ नावालाही नाही. आत्या सरळ गेली, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, हातातला पाट आतल्या जमिनीवर दोन विटांवर ठेवला आणि त्याच्यावर जाऊन बसली. “आज मीच बघते किती राहिलंय,” ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं. शाळेत उशिरा आलेल्या पोराच्या तोंडावर वर्गाचं दार लावतात, तसं. गाडीनं एक लांब ‘कर्रर्र’ केलं. पाठ धरलेला म्हातारा खाली बसता बसता कण्हतो, तसं. मागचा भाग वीतभर खाली आला. आणि सगळं शांत झालं.

“नाम्या,” आतून आवाज आला, “दार उघडून न्हाई राहिलं.”

बाबांनी बाहेरून ओढलं. गफूरभाईंनी ओढलं. चारी दारांना हात लावून झाला. दारांच्या चौकटी तिरप्या झाल्या होत्या आणि दारं त्यात दाताला दात लागावेत तशी बसली होती. काच अर्धी खाली येऊन थांबली. आता दृश्य असं, की वर अर्ध्या काचेतून आत्याचा चष्मा आणि चेहरा, आणि खाली गाडीच्या पोटाखालून तिच्या चपला, साडीचा काठ आणि अंगणाची माती. गाडीत बसलेली बाई गाडीतच जमिनीवर उभी होती. गफूरभाई म्हणाले, “बाई, खालून रांगत या ना.” आत्यानं त्यांच्याकडं असं बघितलं, की त्यांनी मिशी खाली केली. “गफूर, तुमच्या तिन्ही पोरांना मी शिस्त शिकवली. मी पोटावर सरपटत बाहेर येईन?”

नेमकं तेव्हा फाटक वाजलं. दारात माणिकराव. उंच, किरकोळ, खांद्यावर सीताफळांची पिशवी, पांढरा धुतलेला शर्ट. मी पुढं झाले. “या सर. आत्या गाडीत आहे.”

त्यांचा चेहरा उजळला. “अरे वा! कुठं निघाल्या?”

“कुठंच नाही,” मी म्हणाले. “तीच तर अडचण आहे.”

त्यांनी सगळं बघितलं. ठोकळे, तिरपी दारं, अर्ध्या काचेतला चष्मा. सीताफळांची पिशवी माझ्याकडं दिली, त्यावर मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं आणि गफूरभाईंना म्हणाले, “ठोकळे पक्के आहेत ना?”

“ठोकळे पक्के हैत सर. गाडी कच्ची हाय. नक्को जाऊ.”

पण सर आडवे झाले होते. पांढरा शर्ट मातीत, आधी डोकं गेलं, मग खांदे, मग लांबच लांब पाय. आणि गाडीच्या आत, आत्याच्या बाजूला, जमिनीतून उगवावा तसा भूगोलाचा शिक्षक उगवला. कुंपणापलीकडच्या कमलमावशी पिठाची चाळणी हातात धरून ओरडल्या, “अगं बाई! लग्नाच्या आधीच गाडीत!” आईनं त्यांना हातानंच गप्प केलं, पण हसू तिच्याही ओठांत मावत नव्हतं.

“सर, अहो शर्ट!” आत्या म्हणाली.

“मॅडम, बसू का?”

“पाट एकच आहे.”

ते उकिडवे बसले. गाडीखालून आता चार पाय दिसत होते. आम्ही सगळे गाडीपासून चार हातांवर, ऐकत नसल्याचं नाटक करत उभे. हे नाटक आमच्या गल्लीत सगळ्यांना उत्तम जमायचं.

“दादा तारीख विचारून राहिले,” माणिकराव हळूच म्हणाले. “मी म्हणालो, गाडीला वेळ लागतो.” मग थोडं थांबून, “पण मॅडम, एवढा?”

आत्यानं झाडाखाली नजर टाकली. मग तिनं अर्ध्या काचेतून हाक मारली. “नाम्या, इकडं ये.”

बाबा छिन्नी हातात धरूनच गेले. पट्टी खायला निघालेलं पोर जसं जातं तसे, अंग तिरपं करून.

“किती राहिलंय कापायचं?”

“अक्का, गंज कसा असतो, वरून दिसत नाही...”

“गंजाचं मला नको सांगू. मी चष्मा लावून बसलेय. त्या झाडाखाली तू उंबऱ्याचा तुकडा टाकलाय. कोरा हाय तो. रंगसुद्धा उडाला न्हाई. का कापलास?”

बाबा झाडाखालच्या तुकड्याकडं बघत राहिले. मला वाटलं आता ते लोखंडाच्या गुणधर्मांवर बोलतील. पण त्यांनी छिन्नी गाडीच्या टपावर ठेवली आणि काचेच्या कडेला हात लावून म्हणाले, “तुझं लग्न मोडावं असं माझ्या मनात कधी आलं न्हाई, अक्का. आईची शपथ. मला फक्त वाटायचं, उद्या व्हावं. रोज वाटायचं, आज नको, उद्या व्हावं. एवढंच.” आणि मग, सगळ्या गल्लीसमोर, विज्ञानाचे गुरुजी म्हणाले, “सकाळी मला हाक कोण मारंल?”

“मी काय मेले काय?” आई मागून म्हणाली.

“तू हाक मारलीस की मला वाटतं दूध उतू गेलं,” बाबा म्हणाले.

माणिकराव भला माणूस. त्यांना ते ऐकवेना. “मॅडम, तसं असेल तर मीच नांदेडला येऊन राहतो की.”

“खबरदार,” आत्या म्हणाली. दोन्ही पुरुष एकदम सरळ झाले. माणिकरावांचं डोकं टपाला लागलं. मग तिचा आवाज उतरला. आयुष्यात तो उतरलेला मी फार थोड्या वेळा ऐकला. “नाम्या, मी तुला सगळीकडं सोडायला गेले. शाळेत गेले, परीक्षेला गेले, नोकरीवर हजर व्हायला गेले, तुझ्या सासुरवाडीलासुद्धा मीच गेले. सगळीकडं तुला सोडलं आणि परत आले. मी कुठं गेलेच न्हाई रे. मला आता जायचंय. रुसून न्हाई, रडून न्हाई. माझ्या घरी, माझ्या गाडीनं जायचंय.”

आज मी आत्याच्या त्या वेळच्या वयाच्या पुढं आले आहे. भाषणं पुष्कळ ऐकली, काही स्वतः ठोकली. पण विटांवरच्या पाटावर बसून, पाय मातीत ठेवून, अर्ध्या काचेतून केलेल्या त्या चार वाक्यांच्या जवळ जाईल असं भाषण मी ऐकलेलं नाही. गफूरभाईंनी वेल्डिंगचा काळा चष्मा डोळ्यांवर ओढला. वेल्डिंग बंद होतं.

बाबांनी नाक पुसलं आणि एकदम शाळेतल्या आवाजात म्हणाले, “गफूरभाई, दार का उघडून न्हाई राहिलं ते बघा.” चष्मा काढून गफूरभाई गाडीभोवती फिरले, वाकले, मागं थांबले. “गुरुजी, उंबरे कापले तरी एवढी झुकायला नको. मागं वजन काय हाय?” त्यांनी डिक्कीवर थाप मारली. ‘ठण’ वाजायला हवं होतं, ‘भद्’ वाजलं. हळूहळू सगळ्या माना पुन्हा आईकडं वळल्या.

“थोडी ज्वारी हाय,” आई म्हणाली. “माझ्या भावानं लोह्याहून दिलेली. घरात उंदीर होतात.”

किल्ली फिरली. थोडी ज्वारी म्हणजे पोतीच्या पोती. त्यांच्या खाली तांब्याचा बंब. बंबाच्या खाली पाटा आणि वरवंटा.

“पाटा-वरवंटासुद्धा?” बाबा ओरडले.

“मिक्सर आला म्हणून ठेवला. टाकून द्यायचा काय?”

मला सांगा, गाडीचा कणा कापून टाकलेला, तिला मध्ये एक आडवी पट्टीसुद्धा न मारलेली, आणि शेपटीला पाटा-वरवंटा! जगात गाड्या दुरुस्त करणारे लाखो असतील. पण ज्यांच्या गाडीची कंबर वरवंट्यानं मोडली असे आम्हीच. गल्लीतली माणसं धावली. पोती उतरली, बंब उतरला, पाटा दोघांनी मिळून उचलला. मागं जॅक लावून गफूरभाईंनी हळूहळू फिरवला. गाडीनं मघासारखंच कण्हत अंग सरळ केलं, आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार, कुणी हात न लावता, आपोआप उघडलं.

आत्या उतरली. तिच्या मागून माणिकराव, डोक्यापासून पायापर्यंत मातीनं माखलेले. बाबा पुढं झाले, त्यांच्या शर्टावरची माती झटकू लागले, आणि झटकता झटकता म्हणाले, “दादांना सांगा, तुळशीचं लग्न झालं की त्याच्या पुढच्या रविवारी. गाडी तयार असेल.” माणिकरावांनी आत्याकडं बघितलं. आत्या सीताफळांची पिशवी उघडून वास घेत होती. तिला ऐकू आलं नव्हतं असं ती दाखवत होती, पण कान लाल झाले होते.

त्यानंतर बाबा जे कामाला लागले! आधी चौकटींमधून लोखंडी पट्ट्या आडव्या मारून गाडी ताठ धरली. मी वहीच्या पुठ्ठ्यांवर तळाच्या आकाराचे कित्ते कापले, चुकले, पुन्हा कापले. बाबा माझ्याच चुका मला सिद्धांतासकट समजावून सांगायचे. त्या कित्त्यांवरून नवा जाड पत्रा कापला. सपाट पत्रा पायाखाली डबडब वाजतो, म्हणून त्याला लांब उभार ठोकायचे होते. त्यासाठी गफूरभाईंनी लाकडाच्या ओंडक्यात खाच पाडली आणि दोघं समोरासमोर बसून हातोडी चालवत राहिले. वेल्डिंग सरळ रेघ ओढत केलं तर पत्रा तापून वेडावाकडा होतो, म्हणून टाके घालायचे. एक इथं, एक तिथं, गोधडीला घालतात तसे. आत्या शाळेतून आल्यावर खुर्ची टाकून बसायची आणि टाके बघायची. “हा वाकडा आलाय,” म्हणायची. गफूरभाई काढून पुन्हा घालायचे. वर लाल रंग, खालून डांबर. शेवटी तळाची परीक्षा घ्यायला कमलमावशींना मानानं बोलावलं, कारण गल्लीत त्यांच्याइतकं वजनदार कुणी नव्हतं. त्या आत चढल्या, उभ्या राहिल्या, दोनदा पाय आपटले आणि म्हणाल्या, “माझ्या घरची फरशीसुद्धा एवढी पक्की न्हाई.” गफूरभाईंनी तिथंच मिशीला पीळ दिला.

लग्न कडुलिंबाखाली झालं. माणसं मोजकी, आवाज मात्र भरपूर. कढी, मसालेभात, बालूशाही. आईनं आत्याची ओटी भरली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या, की त्या इतकी वर्षं चहाच्या साखरेवरून रोज भांडत आल्या यावर कुणाचा विश्वास बसला नसता. चाकाखाली नारळ ठेवला. आत्या हिरव्या साडीत, मुंडावळ्यांवरून चष्मा सारखा करत स्टिअरिंगमागं बसली. माणिकराव बाजूला. आणि मग कमलमावशींनी विचारलं, “पाठराखीण कोण चाललीय?”

नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्या सोबतीला माहेरची बाई जाते आणि काही दिवस राहून येते, ही आपल्याकडची रीत. पन्नाशीच्या नवरीलाही रीत सुटत नाही. मी जायचं असं ठरलं होतं. माझी पिशवी भरून तयार होती, जळकोटात काय काय बघायचं ते मी मनात ठरवून ठेवलं होतं. मी गाडीकडं निघाले, तेवढ्यात घरातून बाबा बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर लग्नातलं उपरणं, हातात ट्रंक. कुणाकडं न बघता त्यांनी मागचं दार उघडलं, ट्रंक आत सरकवली आणि बसले.

“नाम्या, काय करून राहिलास?” आत्यानं आरशातून विचारलं.

“पाठराखीण म्हणून मी येतो,” बाबा म्हणाले. “शाळेत रजा टाकलीय.”

अंगण असं हसलं की कडुलिंबावरचे कावळे उडाले. आत्या हसली नाही. तिनं मान वळवून भावाकडं नीट बघितलं, मग पुढं बघितलं आणि गिअर टाकला. नारळ फुटला. गाडी फाटकातून निघाली, लोह्याच्या रस्त्याला लागली, आणि मी माझी भरलेली पिशवी घेऊन आईशेजारी उभी राहिले.

बाबा आठवडाभरानं एस्टीनं परत आले. आईनं पाणी दिलं, मी प्रश्न दिले. ते पायऱ्यांवरच बसले आणि सांगू लागले. जळकोटला पाठराखिणीला पाटावर बसवून तिची ओटी भरतात. माणिकरावांच्या वहिनी ताट घेऊन आल्या, बघतात तर पाटावर मिशीवाले गुरुजी. बायका तोंडाला पदर लावून भिंतीला टेकल्या. वहिनी म्हणाल्या, “रीत म्हणजे रीत. पदर न्हाई तर उपरणं पसरा.” बाबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि दोन्ही हातांनी समोर धरलं. वहिनींनी त्यात तांदूळ घातले, नारळ घातला, हळकुंड घातलं, वर जरीचा हिरवा खण ठेवला आणि बाबांच्या कपाळाला कुंकू लावलं.

“आणि आत्या?” मी विचारलं.

“अक्का समोर उभी होती. लई हसली. खांबाला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.” बाबांनी पिशवीतून खण काढला आणि आईच्या हातात दिला. “एवढी हसलेली मी तिला या घरात कधी बघितली न्हाई.”

आईनं खण उलगडला, उजेडाकडं धरला, बाबांच्या खांद्यावर लावून बघितला.

“रंग चांगला हाय,” ती म्हणाली. “तुम्हाला शोभंल.”